आवडतं गाणं आणि टेपवर टिकणारं गाणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुरुस्त करून घेतलेला एक डेक, म्हणजे कॅसेट भरायचं नि वाजवायचं यंत्र, आणि दोन कोऱ्या सी-९० कॅसेट हाताशी आहेत. आवडत्या गाण्यांची एक टेप करायची आहे, आणि ती भेट द्यायला नाही, स्वतःसाठी. वर्षानुवर्षं जमवलेली तीनशे चाळीस गाणी आहेत. कितीही कापाकापी केली तरी यादी शंभरच्या खाली येत नाही. त्यात एक नऊ मिनिटांचं गाणं आहे, ते तर सोडवतच नाही. मग निवडायचं कसं?

मी शाळेत असल्यापासून टेपा भरत आलोय. पुढे वीसेक वर्षं पोटापाण्यासाठीही हेच केलं, रेडिओच्या कार्यक्रमांसाठी गाण्यांचे क्रम लावले. त्यामुळे उत्तर लांबेल. आधी हिशोब उरकून घेऊ.

सी-९० म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. बहुतेक कॅसेटमध्ये अर्धं-एक मिनिट फीत जास्तीची असते, पण तिच्यावर विसंबू नका. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली, तेव्हापासून फितीचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर एवढाच आहे. म्हणजे ४५ मिनिटांना जवळपास १२९ मीटर फीत लागते. गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरलं तर एका बाजूवर नऊ-दहा, दोन्ही मिळून एकोणीस-वीस. तुमच्या शंभरातली ऐंशी जाणार आहेत. हे एकदा मनाशी मान्य केलंत की अर्धी कटकट संपते, कारण मग ‘कुठलं काढू’ हा प्रश्न राहत नाही, ‘कुठलं ठेवू’ एवढाच उरतो. सी-१२० घेऊन पळवाट काढायचा मोह होईल, पण तिकडे जाऊ नका. सी-६० ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाडीची असते, सी-९० ची १२ आणि सी-१२० ची जेमतेम ९. इतकी पातळ फीत ताणली जाते, रबरी रोलरभोवती गुंडाळली जाते, आणि पुढची संध्याकाळ पेन्सिल घालून रीळ फिरवण्यात जाते.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे विशीत भरलेल्या दोन कॅसेट अजून आहेत. एकीवर मी मोठ्या अक्षरात ‘सर्वोत्तम’ लिहिलं होतं. तिच्यासाठी महिनाभर खपलो होतो. प्रत्येक गाणं असं की कुणी ऐकलं तर म्हणावं, काय जाण आहे या मुलाला! दुसरी भरली ती निव्वळ काटकसरीने. एक कोरी कॅसेट शिल्लक होती, पहिलीतून गळलेली गाणी होती, तीच घातली आणि वर लिहिलं ‘उरलेली’. ‘सर्वोत्तम’ आजही नव्यासारखी आहे. ‘उरलेली’ची फीत दोनदा तुटली, दोनदा जोडली, आणि जोडताना एका गाण्याच्या अंतऱ्यातले दीड-दोन सेकंद गेले. ते गाणं आज कुठेही लागलं तरी त्या जागी मी अडखळतो. इतरांना जे अखंड ऐकू येतं तिथे मला उडी हवी असते.

त्या दोन कॅसेटींनी मला जे शिकवलं तेच सांगतो. आवडतं गाणं आणि टेपवर टिकणारं गाणं ही दोन वेगळी माणसं आहेत. कधी त्यांची गाठ पडते, कधी नाही. तुमची यादी शंभरावर अडते, कारण प्रत्येक गाण्याला तुम्ही ‘तू मला आवडतोस का?’ असं विचारता, आणि ते बिचारं हो म्हणतं. विचारायचं ते वेगळं आहे. हे गाणं मी न मागता, मध्येच, दुसऱ्या गाण्याच्या पाठीवर आलं, तर माझं बोट बटणाकडे जाईल का? टेपवर गाणं ओलांडणं हे काम असतं. फास्ट फॉरवर्ड दाबा, अंदाजाने थांबवा, पुढे गेलं म्हणून मागे आणा. म्हणून टेपवर तेच गाणं शोभतं जे ओलांडावंसं वाटत नाही.

या परीक्षेत नापास होणारी गाणी ओळखीची असतात. पहिली, अभिमानाची. ती आपल्याला आवडतात त्याहून, आपल्याला ती आवडतात ही गोष्ट आवडते. स्वतःसाठीच्या टेपवर त्यांचं काही काम नाही, कारण ऐकणारा एकटा आणि त्याला सगळं माहीत आहे. दुसरी, एका जागेची गाणी. एकच हरकत, एकच ओळ, सनईचा एकच तुकडा, आणि त्या वीस सेकंदांसाठी आपण पाच मिनिटं वाट बघतो. एखादं चालेल, चार झाली की टेप कंटाळवाणी होते आणि कारण कळत नाही. तिसरी, नवी प्रेमप्रकरणं. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी आवडू लागते. गाण्यांच्या बाबतीत हे कुणीही सांगेल. मात्र तशा आवडीला वीट यायलाही वेळ लागत नाही. म्हणून गेल्या महिन्याभरात भेटलेलं गाणं मी टेपवर घेत नाही. त्याला थांबायला सांगतो. तीन महिन्यांनी आठवलं तर त्याची जागा पुढच्या टेपवर.

चौथा प्रकार नाजूक आहे. एखाद्या माणसाला, प्रसंगाला चिकटलेली गाणी. अशी गाणी बहुतेकांची तरुणपणातलीच निघतात. आयुष्याच्या आठवणी गोळा केल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या जास्त दाट सापडतात, हे मानसशास्त्रात चांगलं प्रस्थापित आहे, आणि गाणी त्या आठवणींना धरूनच असतात. तुमच्या तीनशे चाळीसमधली निम्मी त्या काळातली निघाली तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त एवढं बघा, की ते गाणं तुम्हाला अजून गाणं म्हणून ऐकू येतं, की नुसता तो प्रसंग दिसतो? प्रसंगच दिसत असेल तर एका बाजूवर एकच ठेवा. दोन एकापाठोपाठ आली की पुढची तीन गाणी ऐकूच येत नाहीत. मन मागेच राहिलेलं असतं.

निवडीची माझी रीत सांगतो. यादी बंद करा. फोन, संगणक, खोकी, सगळं दूर ठेवा. कोरा कागद घ्या आणि दहा मिनिटांत जी गाणी आपणहून आठवतील ती लिहा. नाव आठवत नसेल तर सुरावट ओळखू येईल अशी खूण करा. तो कागद न बघता दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा करा. दोन्ही कागदांवर जी आली तो तुमच्या टेपचा कणा. माझ्या अनुभवात ती दहा-बाराच निघतात. जे गाणं यादीत बघितल्यावरच आठवतं, आणि मग ‘अरे, हे कसं विसरलो’ असं होतं, ते चांगलं असेल, पण ते तुमच्या आत वाजत नाहीये. उरलेल्या आठ-दहा जागा आवडीने भरायच्याच नाहीत. त्या भरायच्या शेजाराने.

शेजार हा सगळ्यात मोठा भाग, आणि लोक सगळ्यात कमी वेळ त्यालाच देतात. टेपवर गाणं एकटं कधीच ऐकू येत नाही. आधीच्या गाण्याचा शेवट कानात असतो आणि त्या ओल्या जागेवर पुढचं पाऊल पडतं. त्यामुळे दोन गाणी जुळतात का हे बघायला ती पूर्ण ऐकायची गरज नाही. पहिल्याची शेवटची वीस सेकंदं आणि दुसऱ्याची पहिली वीस, एवढंच सलग ऐका. वीस गाण्यांच्या टेपला असे अठरा सांधे असतात, एका बाजूवर नऊ. एका बैठकीत होतात.

सांध्यात काय बघायचं? आधी पट्टी. पेटी असेल तर दोन्ही गाण्यांचा षड्ज शोधा, नसेल तर गुणगुणून बघा. दोघांचे षड्ज अगदी लगतचे असले, समजा पेटीवरच्या काळी एक या पट्टीच्या मागे पांढरी दोन, तर दुसरं गाणं सुरुवातीचे काही क्षण उगाच बेसूर वाटतं. त्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो. षड्ज तोच असला, किंवा दुसऱ्याचा षड्ज पहिल्याच्या मध्यमावर वा पंचमावर आला, काळी एकच्या मागे काळी तीन, तर गाणं दार न वाजवता आत येतं. पण सगळी बाजू अशी गुळगुळीत केलीत तर झोप येईल. दर तीन-चार गाण्यांनी एक सांधा मुद्दाम खडबडीत हवा.

मग लय. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. ७६ च्या मागे ८० आलं तर चढ कळतसुद्धा नाही. ७६ च्या मागे १५२ आलं तर गंमत होते, दुप्पट असल्यामुळे पायाचा ठेका तोच राहतो आणि गाणं मात्र धावतं. ७६ च्या मागे ११० हे खरं अवघड. ना चालणं, ना धावणं. तिथे मध्ये थोडी शांतता द्या किंवा ठेका नसलेला, नुसत्या आलापाने सुरू होणारा तुकडा घाला. तालाचंही तसंच. आपल्या कानांना आठ मात्रांच्या केरव्याची इतकी सवय आहे की सलग चार गाणी केरव्यातली गेली तरी लक्षात येत नाही, फक्त थकवा येतो. तिथे सहा मात्रांचा दादरा आला की खोलीतली खिडकी उघडल्यासारखं होतं.

गाण्याचा शेवट कसा होतो हेही टिपून ठेवा. काही गाणी हळूहळू विरत जातात, काही ठाम सम घेऊन थांबतात. विरणाऱ्यामागे विरणारं, त्यामागे पुन्हा विरणारं असं झालं की सगळी टेप लांब निघून जात असल्याचा भास होतो. शब्द नसलेलं एखादं वाद्यसंगीत प्रत्येक बाजूवर असावं असं मला वाटतं. चार गाण्यांचे शब्द ऐकून झाले की कानाला बोलणं नको असतं. एकाच गायकाची दोनपेक्षा जास्त गाणी एका बाजूवर नकोत, असाही एक नियम मी पाळतो. अर्थात तुमच्या दोन्ही कागदांवर एकाच आवाजाची सात गाणी आली असतील तर नियम गेला खड्ड्यात. मग ती टेप त्याच आवाजाची करा आणि खुशाल ऐका.

सुरुवातीचं गाणं सगळ्यात आवडतं नसावं. ते असं हवं की पहिल्या दहा सेकंदांत टेप सुरू झाल्याचं कळेल. सगळ्यात आवडतं मी ए बाजूवर तिसरं किंवा चौथं ठेवतो, कान तयार झाल्यावर. बी बाजूची सुरुवात ही दुसरी संधी असते, आणि ती माझी लाडकी जागा. कॅसेट काढून उलटवायला जे काही सेकंद लागतात, तेवढ्यात कान धुऊन निघतात. जे गाणं कशाच्याही मागे बसत नाही, अतिशय वेगळ्या रंगाचं, ते तिथे बसतं. दोन बाजूंचे स्वभाव वेगळे ठेवता आले तर उत्तम. माझ्या बऱ्याच टेपांवर ए बाजू कामात ऐकायची आणि बी बाजू दिवे मालवून. फोनवरच्या यादीत ही सोय नाही. तिथे कडाच नसते, यादी कितीही वाढते आणि शेवटी ती गाण्यांचं गोदाम होते. टेप भरायच्या आधी फोनवर क्रम तपासणार असाल तर शफल आणि एकमेकांत मिसळणारे सांधे, म्हणजे क्रॉसफेड, दोन्ही बंद करा. नाहीतर तुमचा क्रम तुम्ही ऐकतच नाही.

आता भरण्याबद्दल, भराभर. नवी कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळवून घ्या, रिळावरचा ताण सारखा होतो. सुरुवातीचे साधारण पाच सेकंद पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. पहिल्या गाण्याची पहिली मात्रा तिथेच खाल्ली जाते. ती पट्टी बोटाने फिरवून पुढे काढा. फितीचा प्रकार कॅसेटवर लिहिलेला असतो: साधी फेरिक कॅसेट असेल तर डेक टाइप एकवर, क्रोम असेल तर टाइप दोनवर. डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करणारी डेकवरची सोय, लावून भरलीत तर ऐकतानाही लावा. एकीकडे लावून दुसरीकडे विसरलात तर आवाज एक तर टोचतो, नाहीतर घोंगडीखाली गेल्यासारखा येतो. जुन्या काळचं मुद्रण हळू असतं, आणि १९९० नंतरच्या ध्वनिमुद्रणांत आवाज दाबून फुगवण्याची रीत वाढत गेली, त्यामुळे डेकवरचा आवाजाची पातळी दाखवणारा काटा दोन्ही गाण्यांना सारखा दिसला तरी कानाला सारखं वाटत नाही. काट्यावर नको, गाणाऱ्याच्या गळ्यावर पातळी जुळवा. डोळे मिटून ऐकताना दुसरा गायक पहिल्याइतक्याच अंतरावर उभा आहे असं वाटलं पाहिजे.

गाणं संपलं की स्टॉप नको, पॉज दाबा; स्टॉपने फितीवर टक् असा आवाज राहतो. दोन गाण्यांमधली शांतता दोनेक सेकंदांची असते असं समजा, पण ती सगळीकडे सारखी ठेवू नका. काही डेकवर रेकॉर्ड म्यूटचं बटण असतं, ते आपोआप साधारण चार सेकंद कोरे सोडतं. मी ते वापरत नाही. विरून गेलेल्या गाण्यामागे एक सेकंद पुरतो. ज्या गाण्याने आत काहीतरी हललं, त्याच्यामागे पाच सेकंदही कमी पडतात. ही शांतता बोटाने मोजून द्यायची. हातानं टेप भरण्यातलं निम्मं सुख तिथेच आहे.

बाजूच्या शेवटी गाणं मध्येच तुटणं हे नवशिक्यांचं ठरलेलं दुखणं. डेकवरचा आकडा मिनिटं दाखवत नाही, रिळाचे फेरे मोजतो, त्यामुळे त्याच्यावर भिस्त नको. कागदावर गाण्यांचे वेळ मिनिट-सेकंदात लिहा, प्रत्येक सांध्याला तीन सेकंद धरा, आणि बेरीज ४४ मिनिटांच्या आत आणा. दीड ते अडीच मिनिटांचे चार-पाच छोटे तुकडे हाताशी ठेवले की भोक बुजवायला उपयोगी पडतात. यातल्याच एखाद्या भरीच्या तुकड्यावर पुढे तुमचा जीव जडेल, माझा दोनदा जडला आहे.

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे कान असतात; ते मोडले की त्या बाजूवर चुकून पुन्हा काही भरलं जात नाही. भरून झाल्यावर ते लगेच मोडू नका. आधी आठवडाभर टेप ऐका, आणि समोर बसून नाही, काहीतरी करता करता. कुठे हात थांबला आणि कुठे बटणाकडे गेला ते लक्षात ठेवा. दोन-तीन गाणी बदलावी लागतीलच. बदलायचं गाणं मध्यावर असेल तर तेवढ्याच लांबीचं दुसरं शोधत बसण्यापेक्षा तिथून पुढची सगळी बाजू नव्याने भरा; थिगळ ऐकू येतं. मग कान मोडा. जी बाजू तुमच्याकडे तोंड करून आहे आणि उघडी फीत खाली आहे, तिचा कान डाव्या हाताला असतो. मी एकदा चुकीचा मोडला होता आणि पुरी बाजू पुसून बसलो होतो. आत घालायच्या कागदावर नावं अगदी शेवटी लिहा, पेन्सिलने, आणि तारीख टाका. ‘सर्वोत्तम’ असलं काही लिहू नका.

राहिलं तुमचं नऊ मिनिटांचं गाणं. ते दोन्ही कागदांवर आपणहून आलं असेल तरच ठेवा. नुसतंच सोडवत नसेल तर तो हट्ट आहे. आलं असेल तर त्याची किंमत मोजा. ती म्हणजे दोन गाणी. ए बाजूवर ते घालू नका, सगळा तोल तिकडे जाईल. बी बाजूवर शेवटून दुसरं ठेवा. अगदी शेवटी ठेवलंत तर फीत संपायची धाकधूक नऊ मिनिटं राहते, आणि इतक्या लांब गाण्यामागून एकदम खट् आवाज होऊन डेक थांबतो तो फार क्रूर वाटतो. त्याच्यामागे पाच-सहा सेकंद शांतता सोडा आणि दोन मिनिटांचं काहीतरी अगदी साधं घाला, एका वाद्याचं किंवा एका गळ्याचं, ठेका नसलेलं. दुसरी कॅसेट मात्र कोरी ठेवू नका. पहिलीतून जी गळतील ती तिच्यावर भरा.